पेशी पुढे सरकते तेव्हा काय मोडले जाते?

खाडीकाठ

गेल्या अमावास्येच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा बरेच मागे हटले होते, म्हणून शेजारणींबरोबर कालवे काढायला खडपावर गेले आणि तळहातावर शिंपल्याच्या धारेने दोन बोटे लांबीची चीर पाडून घेऊन परत आले. जखम किरकोळ होती. पण पट्टी बांधलेला हात पाहून वर्गातल्या एका मुलीने विचारले, "बाई, जखम भरते म्हणजे तिथे नव्या पेशी तयार होतात ना?" तिचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. नव्या पेशी तयार होतातच, परंतु त्याआधी आणि त्याबरोबरही जखमेच्या काठावरच्या जुन्या पेशी आपली जागा सोडून खपलीखालून सरपटत पुढे येतात आणि उघडी पडलेली जागा झाकतात. हे सरपटणे कसे चालते आणि त्यात युबिक्विटिन नावाच्या एका इवल्याशा प्रथिनाचा हात कसा असतो, याविषयी सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते.

हा विषय निवडण्यामागे एक तक्रारही आहे. युबिक्विटिनची ओळख बहुतेक ठिकाणी "मृत्यूची चिठ्ठी" अशी करून दिली जाते. ज्या प्रथिनाला ही चिठ्ठी चिकटली ते प्रोटीऑसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात जाऊन त्याचे तुकडे होतात, एवढे विद्यार्थी पाठ करतात आणि पुढचे पान उलटतात. त्यात खोटे काही नाही. याच शोधासाठी अ‍ॅरन चिकानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हालचाल करणाऱ्या पेशीकडे पाहिले की काय मोडले गेले याच्या इतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते पेशीच्या कोणत्या टोकाला आणि कोणत्या घडीला मोडले गेले हे महत्त्वाचे ठरते.

आधी सरपटणारी पेशी डोळ्यांसमोर यावी. आमच्या महाविद्यालयातल्या शोभिवंत माशांच्या टाकीत मोली जातीचे मासे आहेत. त्यातल्या एकाचा एक खवला चिमट्याने अलगद काढायचा, काचपट्टीवर पोषक द्रावाच्या थेंबात ठेवायचा आणि वर दुसरी पातळ काच टेकवून रात्रभर खोलीच्या तापमानाला राहू द्यायचे. सकाळी फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर खवल्याच्या काठातून पेशींची एक चादर बाहेर पसरलेली असते आणि तिच्यापासून सुटलेल्या काही पेशी एकेकट्या निघालेल्या असतात. यांना केरॅटोसाइट म्हणतात. आकार थेट सुपासारखा असतो, म्हणजे पुढे रुंद, पातळ, जवळजवळ पारदर्शक पाते आणि मागे केंद्रकाचे फुगीर गाठोडे. मिनिटाला दहा-वीस मायक्रोमीटर इतक्या वेगाने ती सरकते. तासाभरात जेमतेम एक मिलिमीटर होईल, पण पेशींच्या जगात ही धाव आहे. आपल्या संयोजी ऊतीतली तंतुपेशी मिनिटाला एक मायक्रोमीटरही धड कापत नाही.

पुढचे पाते ढकलले जाते ते अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंमुळे. रॅक-१ नावाचे प्रथिन चालू स्थितीत असले की आर्प-२/३ या प्रथिनसमूहामार्फत अ‍ॅक्टिनला फांद्या फुटत जातात आणि पेशीचे पटल पुढे रेटले जाते. त्याचे भावंड रो-ए याच्या उलट स्वभावाचे आहे. ते रॉक या विकराद्वारे (एन्झाइमद्वारे) मायोसिन या ओढ लावणाऱ्या प्रथिनाला कामाला लावते, अ‍ॅक्टिनच्या जाड दोऱ्या ताणते आणि पेशी आवळून धरते. मागचे टोक ओढून घ्यायला ही ओढ हवीच. परंतु किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी हात लावला आहे त्यांना ठाऊक असेल की, सगळी माणसे एकाच अंगाला उभी राहून ओढतात म्हणून जाळे येते. चारी बाजूंनी सारखीच ओढ लागली तर ते जागच्या जागी ताठ होऊन बसेल. रो-ए पेशीभर सारखेच राहिले तर पेशीचीही तीच गत होते. म्हणजे पुढच्या पात्यात रो-ए कमी व्हायला हवे.

ते कमी कसे होते याचे एक सुरेख उत्तर २००३ साली टोरंटोमधल्या जेफ्री राना यांच्या प्रयोगशाळेतून आले. स्मर्फ-१ नावाचे विकर, जे तोवर हाडांच्या आणि भ्रूणाच्या वाढीशी निगडित संदेशांसाठी ओळखले जात होते, ते पेशीच्या पुढे आलेल्या टोकांत जाऊन बसते आणि तिथल्या रो-एला युबिक्विटिन जोडून त्याची विल्हेवाट लावते. स्मर्फ-१ त्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. पेशीची पुढची-मागची बाजू ठरवणाऱ्या सीडीसी-४२ आणि पार-६ यांच्या साखळीतले पीकेसी-झीटा हे विकर त्याला तिथे ओढून आणते. दिशा ठरवणारे आणि मोडतोड करणारे अशी दोघांची गाठ जिथे पडते तिथे पेशीचे तोंड तयार होते, असे म्हणायला हरकत नाही. स्मर्फ-१ नसलेल्या पेशींत ही पुढची टोके नीट धरत नाहीत.

डोलकाठी

ताई, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि घर हर्णैच्या बंदराजवळ असल्यामुळे रापणीचे उदाहरण लगेच पटले. माझी अडचण अशी आहे की रो-ए हे लहान प्रथिन आहे आणि ते पेशीत कुठेही वाहून जाऊ शकते. पुढच्या टोकाला ते मोडले तरी मागून दुसरे येऊन ती जागा भरणार नाही का? शिवाय चिठ्ठी चिकटवणाऱ्या विकराला नेमके हेच प्रथिन कसे ओळखू येते?

खाडीकाठ

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर त्यातून निघते.

युबिक्विटिन ७६ अमिनो आम्लांचे आहे. ते जोडण्याचे काम तीन हातांतून जाते. इ-१ विकर एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून त्याला सक्रिय करते, इ-२ ते वाहून नेते आणि इ-३ ज्या प्रथिनाला ते जोडायचे त्याच्यातल्या लायसिन या अमिनो आम्लापर्यंत पोहोचवते. माणसात इ-१ फक्त दोन आहेत, इ-२ सुमारे चाळीस, तर इ-३ सहाशेच्या वर. ओळखण्याची सगळी नजर या शेवटच्या फळीत आहे. स्मर्फ-१ हे हेक्ट घराण्यातले इ-३ आहे, म्हणजे ते युबिक्विटिन आधी स्वतःच्या हातात घेते आणि मग पुढे देते. रिंग घराण्यातली इ-३ मात्र मध्यस्थासारखी दोघांना जवळ आणून सोडतात.

आता पहिला प्रश्न. मागून रो-ए येत राहते हे खरेच आहे, आणि म्हणूनच हे काम एकदा करून भागत नाही. होडीत पाणी झिरपत असताना ते उपसत राहावे लागते, तसे पुढच्या टोकाला स्मर्फ-१ सतत असावे लागते. पीकेसी-झीटाने पकड सोडली की तिथले रो-ए पुन्हा वाढते आणि ते टोक मागे ओढले जाते. ही चिठ्ठी काढून टाकणारी, म्हणजे युबिक्विटिन सोडवणारी सुमारे शंभर विकरेही माणसाच्या पेशीत आहेत, तेव्हा एकदा लागलेली चिठ्ठी कायमची असेही समजू नये.

आणखी एक बाब वर लिहायची राहिली. युबिक्विटिनला स्वतःला सात लायसिन आहेत आणि त्यांवर पुढचे युबिक्विटिन जोडले जाऊन माळ तयार होते. ४८व्या स्थानावरच्या लायसिनने गुंफलेली माळ सहसा प्रोटीऑसोमकडे नेते. ६३व्या स्थानावरून गुंफलेली माळ बहुधा मोडण्यासाठी नसते; ती संदेश पुढे नेते किंवा पटलावरच्या ग्राहींना आत ओढून घेण्यास सांगते. तुमच्या घरी जाळे विणणाऱ्यांना विचारा. दोरा तोच, पण गाठ बदलली की काम बदलते.

चिरेबंदी

लेखन आवडले, तरी जीवरसायनशास्त्रात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून थोडा विरोध नोंदवतो. रो-ए चालू-बंद करण्याचे मुख्य काम युबिक्विटिनचे नव्हे. जीटीपी हा छोटा रेणू जोडून त्याला चालू करणारे घटक आणि जीटीपीचे जलविघटन घडवून त्याला बंद करणारे घटक हे काम काही सेकंदांत करतात, आणि पुढच्या टोकाला रो-ए बंद ठेवणारे पी-१९० नावाचे प्रथिन तिथे असतेच. युबिक्विटिन जोडणे, माळ वाढवणे आणि प्रोटीऑसोमपर्यंत नेणे या सगळ्याला त्यामानाने वेळ लागतो. दुसरे म्हणजे, १९८४ साली ऑयटेनॉयर आणि श्लिवा यांनी दाखवले होते की केरॅटोसाइटच्या पात्याचा तुटलेला तुकडा, ज्यात केंद्रक नाही आणि सूक्ष्मनलिकाही नाहीत, तोही एकटा त्याच ऐटीत सरकत राहतो. तेव्हा आपण सुरुवातीला जी केरॅटोसाइट दाखवली, तिच्या चालीचे श्रेय युबिक्विटिनला देण्याची घाई होऊ नये.

खाडीकाठ

आपला मुद्दा मान्य आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. केरॅटोसाइट मी चाल डोळ्यांना दिसावी म्हणून घेतली. स्मर्फ-१चे काम तिच्यावर झालेले नाही, सस्तन प्राण्यांच्या पेशींवर झालेले आहे. ही सरमिसळ माझ्याकडून झाली.

वेळेच्या बाबतीत माझे मत असे आहे की, बटण चालू-बंद करणे आणि एकूण बटणे किती ठेवायची हे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. सेकंदांचा हिशेब आपण सांगितलेले घटक ठेवतात. युबिक्विटिनचा हिशेब मिनिटांचा आणि तासांचा असतो, परंतु तो चुकला तर सेकंदांचा हिशेबही कोलमडतो. २००९ साली असे दिसून आले की क्युलिन-३ आणि बॅकर्ड यांची जोडीसुद्धा रो-एला युबिक्विटिन लावते. क्युलिन-३ कमी केले की पेशीत रो-ए साचते, अ‍ॅक्टिनच्या जाड दोऱ्या अवाजवी वाढतात आणि पेशीची चाल मंदावते. तिथे बंद करणारे सगळे घटक जागेवर असूनही पेशी अडखळते, हे मला बोलके वाटते.

आणि काही पेशींच्या बाबतीत तर दिवसांचा हिशेब असतो. गर्भावस्थेत मेंदूच्या बाह्यकाच्या चेतापेशी खालून वर चढत जाऊन आपापल्या थरात थांबतात. रीलिन हा बाहेरचा संदेश मिळाला की पेशीच्या आतले डॅब-१ हे प्रथिन सक्रिय होते, आणि सक्रिय झाले की क्युलिन-५वर आधारलेले इ-३ त्याला युबिक्विटिन लावून मोडून टाकते. संदेश वाजला, ऐकला, संपला. २००७ साली सिएटलमधल्या जोनाथन कूपर यांच्या गटाने उंदरांच्या स्थलांतर करणाऱ्या चेतापेशींतले क्युलिन-५ कमी केले, तेव्हा सक्रिय डॅब-१ साचत गेले आणि अनेक पेशी आपला थर ओलांडून वर सरकल्या. इथे युबिक्विटिनने पेशीला चालवलेले नाही, कुठे थांबायचे ते सांगितले आहे.

तांबडी माती

मी सिंधुदुर्गात विकृतिशास्त्राचा व्यवसाय करतो आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या तुकड्यांत तोंडाच्या कर्करोगाचे तुकडे नेहमी असतात, तंबाखूच्या कृपेने. त्यामुळे पेशीने जागा सोडणे हा माझ्यासाठी रोजचा विषय आहे. अस्तराच्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन या प्रथिनाने धरून असतात. त्याचा रंग दिला की चांगल्या अस्तरात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी चौकट दिसते, जाळीच्या डोळ्यांसारखी एकसलग. गाठीच्या आत घुसणाऱ्या कडेला अनेकदा ती चौकट फिकट होत जाते आणि एकेकटी सुटलेली पेशी जवळपास निळीच दिसते.

ही चौकट पुसली जाण्याची कारणे अनेक आहेत, पण त्यातली दोन या धाग्याशी थेट संबंधित आहेत. हाकाई नावाचे इ-३ विकर २००२ साली सापडले. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ विध्वंस असा आहे. सर्क या विकराने ई-कॅडहेरिनवर फॉस्फेट लावले की हाकाई त्याला धरते, युबिक्विटिन जोडते आणि पेशी ते पटलावरून आत ओढून घेते. दुसरे कारण उलट दिशेचे आहे. ई-कॅडहेरिनचे जनुक दाबून ठेवणारे स्नेल हे प्रथिन एरवी बीटा-टीआरसीपी या इ-३मुळे सतत मोडले जाते. तिथली मोडतोड थांबली तर स्नेल साचते आणि पेशी सुटी होऊ लागते. म्हणजे एका ठिकाणी युबिक्विटिन लागल्याने पेशी सुटते, तर दुसऱ्या ठिकाणी ते न लागल्याने.

जंतूंनीही या यंत्रणेचा फायदा उठवला आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग घडवणाऱ्या ई. कोलायच्या काही जाती सीएनएफ-१ हे विष सोडतात. ते रॅकला कायमचे चालू करून ठेवते, पेशी अशा अडकलेल्या रॅकला युबिक्विटिन लावून मोडते, आणि २००२ सालच्या कामात दिसले की या मोडतोडीमुळेच पेशींची हालचाल वाढते व जंतूंचा आत शिरकाव सोपा होतो. बचावाची खटपटच शत्रूच्या पथ्यावर पडते.

एका रुग्णाच्या मुलाने मला विचारले होते की प्रोटीऑसोम बंद करणारे औषध उपलब्ध आहे, मग ते देऊन कर्करोगाचे पसरणे थांबवता येणार नाही का? ताई, आपण यावर काय सांगाल?

खाडीकाठ

डॉक्टर, उत्तराची निम्मी तयारी आपणच करून ठेवली आहे. बोर्टेझोमिब या औषधाला अमेरिकेत २००३ साली मल्टिपल मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, आणि त्या आजारात त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण ते प्रोटीऑसोमचे तोंडच बंद करते. आत कोण चालले आहे हे पाहत नाही. पेशीला जागेवर धरून ठेवणारी प्रथिने साचतील, तशी स्नेलसारखी तिला सोडवणारीही साचतील. केवळ स्मर्फ-१ रोखले तर काय होते हे २००७ साली पाहिले गेले, तेव्हा गाठीच्या लांबट, चिकटून चालणाऱ्या पेशी थांबण्याऐवजी गोल होऊन अमिबासारख्या फुगे काढत फटींतून निसटू लागल्या. त्या मुलाला मी एवढेच सांगेन की पसरण्याला आळा घालण्यासाठी हे औषध दिले जात नाही, आणि त्याच्या वडिलांचे उपचार त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवावेत.

सुरंगी

मी विज्ञानाची नाही, मराठी शिकवते, तरी सगळे वाचले. पेशी जमिनीला चिकटून पुढे जाते असे आपण म्हणता, तर ती चिकटलेली पकड सोडवते कशी, हे कोणी सांगितले नाही. नांगर न उचलता होडी पुढे कशी जाईल? आणि युबिक्विटिन या शब्दाचा मूळ अर्थ काय?

खाडीकाठ

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सर्वत्र असा आहे. १९७५ साली गिडियन गोल्डस्टीन यांनी ते वेगळे केले तेव्हा ते जिथे शोधावे तिथे सापडत होते, म्हणून हे नाव पडले. काम पुढे कळले. मराठीत "सर्वव्यापी" म्हटले तर अभंगातले वाटेल, म्हणून मी मूळ शब्दच ठेवते.

नांगराची उपमा नेमकी आहे. पेशीचे नांगर म्हणजे इंटेग्रिन. ते बाहेरच्या फायब्रोनेक्टिनसारख्या तंतूंना धरतात आणि आत टॅलिनमार्फत अ‍ॅक्टिनला बांधलेले असतात. टॅलिनचे डोके कॅल्पेन या विकराने कापले जाते आणि ते सुटलेले डोके स्मर्फ-१ मोडते, तेव्हा पकड जुनी होऊन घट्ट बसण्याऐवजी सुटी होते. इंटेग्रिनला स्वतःलाही युबिक्विटिन लागते, पेशी त्याला आत ओढते आणि लायसोसोम या आपल्या पचनाच्या पिशवीत जिरवते.

डोलकाठी

ताई, एक शंका. आमच्या बोटीवर नांगर उचलला की तो पुन्हा वापरतात, टाकून देत नाहीत. पेशी प्रत्येक पावलाला इंटेग्रिन मोडत असेल तर तिला ते सारखे नव्याने बनवावे लागेल, आणि ते फार खर्चिक वाटते.

खाडीकाठ

शाबास. बहुतेक इंटेग्रिन आत जाऊन पुन्हा पटलावर परत येतात, मोडले जात नाहीत. युबिक्विटिन लागते ते फायब्रोनेक्टिन तोंडात धरूनच आत आलेल्या अल्फा-५-बीटा-१ इंटेग्रिनच्या काही भागाला. २०१० साली ऑस्लोमधल्या हाराल्ड स्टेनमार्क यांच्या गटाने युबिक्विटिन लागू शकणार नाही असे बदललेले इंटेग्रिन पेशींना दिले, तेव्हा ते पेशीत साचत गेले आणि पेशींची चाल बिघडली. तुमच्या भाषेत, तळाचा दगड आणि चिखल घेऊनच वर आलेला नांगर मोकळा करता आला नाही, तर पुढच्या वेळी तो कामाचा राहत नाही. आणि इथे वाट लायसोसोमकडे जाते, प्रोटीऑसोमकडे नव्हे, हेही वहीत लिहून ठेवा.

डोलकाठी

मला प्रकल्पासाठी हे युबिक्विटिन लागलेले रो-ए प्रत्यक्ष पाहता येईल का?

खाडीकाठ

सूक्ष्मदर्शकाखाली नाही. त्यासाठी प्रथिने आकाराप्रमाणे वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखावी लागतात. एकेक युबिक्विटिन सुमारे साडेआठ किलोडाल्टनचे असल्यामुळे रो-एच्या पट्टीच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा धुरकट जिना दिसतो. मात्र एक चूक करू नका, जी मी मुंबईत संशोधन करताना केली. पेशी फोडल्यावर युबिक्विटिन सोडवणारी विकरे त्याच द्रावात मोकाट सुटतात आणि बर्फावरसुद्धा आपले काम करत राहतात. त्यांना रोखणारे एन-इथाइलमॅलिमाइड द्रावात ताजे घालावे लागते. आमच्या प्रयोगशाळेत हाताने लिहून चालत आलेल्या कृतीत ते नव्हते आणि मीही कोणाला विचारले नाही. तीन महिने प्रत्येक पट्टी स्वच्छ, कोरी येत होती, आणि मी रो-एला युबिक्विटिन लागतच नाही असा निष्कर्ष जवळजवळ लिहून मोकळी झाले होते.

पदव्युत्तर प्रकल्पासाठी खवल्याचा प्रयोग पुरेसा आहे. दर ३० सेकंदांनी छायाचित्र घ्या आणि वेग मोजा.

डोलकाठी

काल रात्री करून पाहिला. पहिले दोन खवले फुकट गेले, कारण वरची काच नीट टेकली नव्हती आणि खवला तरंगत राहिला. तिसऱ्यातून सकाळी पेशी बाहेर आल्या होत्या. नऊ पेशी मोजल्या. त्यातल्या आठ मिनिटाला ८ ते १४ मायक्रोमीटर वेगाने सरकत होत्या. नववीचे मागचे एक टोक काचेला चिकटून राहिले होते. पुढचे पाते पुढेच जात होते आणि मागे धाग्यासारखी शेपटी लांबत होती. चौथ्या मिनिटाला शेपटी सुटली आणि पेशी एकदम पुढे उडाल्यासारखी झाली. हे टॅलिनमुळे म्हणायचे की इंटेग्रिन मोडल्यामुळे?

खाडीकाठ

तुमच्या छायाचित्रांवरून दोन्हींपैकी काहीच म्हणता येणार नाही. ती शेपटी मायोसिनच्या ओढीने निव्वळ तुटूनही आली असेल. चिकटण्याचे काही अवशेष काचेवरच मागे राहतात. ती नववी पेशी मात्र सरासरीतून वगळू नका. तिचा वेग शेपटी सुटण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर असा वेगवेगळा काढा आणि आलेख इथे टाका.